81 मिनिटं की 124: कापलेल्या सिनेमांचा नाद

मी 'पझेशन' पहिल्यांदा बघितला तो 81 मिनिटांचा होता आणि खरं सांगायचं तर मला त्यात ओ की ठो कळलं नाही. नवरा-बायको भांडतायत, मध्येच कुणीतरी किंचाळतंय, एकदम राक्षस येतो, संपला. त्यात ती कॅसेटवरून कॅसेटवर उतरवलेली कॉपी, त्यामुळे चेहरेसुद्धा धड दिसत नव्हते. पण एक सीन होता, भुयारी रेल्वेच्या रिकाम्या बोगद्यात बाई एकटी आहे आणि तिचं शरीर तिच्या ताब्यातच उरलेलं नाही, आणि तो बघताना मला सारखं वाटत राहिलं की ज्या माणसाने हे शूट केलंय तो बाकीचा सिनेमा असा कसाही जोडणार नाही, यातलं काहीतरी कुणीतरी काढलंय.

काढलं होतंच. आंद्रे झुवावस्की या पोलिश दिग्दर्शकाचा हा 1981 चा सिनेमा, पश्चिम बर्लिनमध्ये भिंतीला अगदी खेटून शूट केलेला, मूळ लांबी 124 मिनिटं. त्याच वर्षी कान महोत्सवात इझाबेल अदजानीला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं बक्षीस मिळालं. अमेरिकेत लागला तेव्हा मात्र वितरकाने 40 हून जास्त मिनिटं उडवली, उरलेले तुकडे पुढेमागे केले आणि सरळ हॉरर म्हणून विकला. म्हणजे मुळात तो घटस्फोटाचा सिनेमा, त्यातला घटस्फोट काढला आणि राक्षस ठेवला. (राक्षस कार्लो रांबाल्दीचा. पुढच्याच वर्षी 'ई.टी.' मधला तो गोड पाहुणा आला तोही याच माणसाच्या हातचा, काय बोलणार.)

तर तिथून नाद लागला. आणि लोकांना जे वाटतं ते तसं नाहीये. असले सिनेमे जमवतो म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर एक विशिष्ट हसू येतं, आणि जमवणारी बाई असेल तर ते हसू आणखी जास्त वेळ टिकतं. नागडेपणा, रक्त, धर्माची टिंगल हे सगळं त्यात असतं, मी नाही म्हणत नाही, पहिल्यांदा हात त्यासाठीच जातो. पण धक्का एकदाच बसतो हो. दुसऱ्यांदा बघताना तोच सीन कधी येतोय याची वाट बघत तुम्ही घड्याळ बघायला लागता. त्यानंतरही माणूस वर्षानुवर्षं या मागे राहतो ते वेगळ्याच कारणाने, की प्रत्येक कॉपी वेगळी असते, आणि कोण कशाला घाबरलं ते त्या कॉपीवर उमटलेलं असतं.

सुरुवात बहुतेकांची जिथून होते तिथूनच माझी झाली, ब्रिटनमधल्या त्या बदनाम यादीपासून. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला तिकडे घरोघरी व्हीसीआर आले, थिएटरमधल्या सिनेमाला सेन्सॉर होता पण कॅसेटला तसा काही कायदाच नव्हता, त्यामुळे दुकानात काहीही मिळायचं. मग पेपरांनी ओरड केली, टीव्ही-सिनेमातल्या अश्लीलतेविरुद्ध लढणाऱ्या मेरी व्हाइटहाउस बाईंनी मोहीम काढली, पोलिसांनी दुकानांवर धाडी घातल्या आणि सरकारी वकिलांनी खटला भरण्यासारख्या सिनेमांची यादी काढली. वेळोवेळी त्यात मिळून 72 सिनेमे येऊन गेले, त्यातल्या 39 वर कोर्टात अश्लीलतेचा ठपका सिद्ध झाला. 'पझेशन' पण त्या यादीत होता, ठपका न बसलेल्यांमध्ये. एकीकडे कानचं बक्षीस आणि दुसरीकडे पोलिसांची यादी, तीन-चार वर्षांच्या अंतरात, एकाच सिनेमाला. 1984 ला कायदा आला आणि प्रत्येक कॅसेटला सर्टिफिकेट लागायला लागलं. त्याआधीच्या, सर्टिफिकेट नसलेल्या कॅसेटना कलेक्टर लोक प्री-सर्ट म्हणतात आणि त्यांच्यासाठी अजूनही जीव टाकतात.

गंमत अशी की पोलिसांनी जी यादी केली तीच पुढे सगळ्यांची खरेदीची यादी झाली. आणि ती पूर्ण करायच्या नादात इतके रटाळ सिनेमे बघावे लागतात की विचारू नका! जंगलात चालतायत, चालतायत, चालतायत, मग दोन मिनिटं काहीतरी लाल रंगाचं, परत चालतायत. निम्म्याहून जास्त सिनेमे त्या यादीत नसते तर आज त्यांचं नावही कुणी घेतलं नसतं. बंदीने त्यांना अमर केलं. आणखी एक किस्सा, 2009 मध्ये कुणाच्या तरी लक्षात आलं की 1984 चा तो कायदा युरोपियन कमिशनला कळवायचाच राहून गेला होता, म्हणजे 25 वर्षं जो कायदा लोकांवर चालवला तो मुळात लागूच करता येत नव्हता, मग 2010 च्या जानेवारीत घाईघाईने तोच परत पास केला.

आता मूळ मुद्दा, पूर्ण सिनेमा ओळखायचा कसा. इथे मी शिकले ते सगळं आकड्यांनी. कॅसेटच्या खोक्यावर छापलेल्या वेळेवर कधी विश्वास ठेवायचा नाही, स्वतः घड्याळ लावून मोजायचं. आणि मोजल्यावरही लगेच निष्कर्ष काढायचा नाही, कारण सिनेमा सेकंदाला 24 चित्रं या वेगाने शूट होतो पण युरोपातली टीव्ही-व्हिडिओची पाल पद्धत सेकंदाला 25 ने चालते, म्हणून तिथे सिनेमा सरळ चार टक्के जोरात पळवतात. 124 मिनिटांचा सिनेमा पालवर 119 मिनिटांत संपतो, एक फ्रेमही न कापता. आवाज पण किंचित चढतो, कान तयार असेल तर कळतं. नवीन कलेक्टर हमखास इथे घाबरतो की पाच मिनिटं कुठे गेली. आणि जुना कलेक्टर याच गोष्टीचा फायदा घेऊन त्याची पूर्ण कॅसेट कापलेली म्हणून स्वस्तात उचलतो, असेही नग आहेत. त्यात परत पालवरून एनटीएससीवर, म्हणजे अमेरिकेतल्या व्हिडिओ पद्धतीवर, उतरवलेली कॉपी असेल तर ती 119 चीच राहते, म्हणजे पद्धत बघून गणित केलं तर उलटंच उत्तर येतं. त्यामुळे शेवटी पर्याय एकच, दोन कॉप्या शेजारीशेजारी लावायच्या आणि शॉट बाय शॉट वहीत लिहायचं. अमेरिकेत टिम ल्यूकसनी 1990 ला 'व्हिडिओ वॉचडॉग' नावाचं मासिक काढलं त्यात हेच चालायचं, पानंच्या पानं, कुठल्या आवृत्तीत कुठल्या मिनिटाला काय नाही. बाहेरच्या माणसाला तो वेडेपणा वाटेल. मला ते अंक रात्री झोपताना वाचायला आवडायचे.

मग अदलाबदल. त्या काळी प्रत्येकाची एक यादी असायची, टाइप केलेली, झेरॉक्स काढून काढून पुसट झालेली, सिनेमाचं नाव, वेळ, भाषा, सबटायटल, आणि पुढे जनरेशन. जनरेशन म्हणजे मूळ कॅसेटपासून तुमची कॉपी किती हात लांब आहे ते. पहिली उत्तम, दुसरी चालेल, चौथीनंतर लाल रंग चेहऱ्याबाहेर ओघळायला लागतो आणि अंधारातले सीन म्हणजे नुसता रेडिओ. तरी लोक घ्यायचे, मीही घेतल्या, कारण बऱ्याच सिनेमांची तेवढीच एक वाट होती.

आणि कॉपी कुठून फिरत आली ते सबटायटलवरून कळायचं, हा भाग मला फार आवडतो. खाली डच अक्षरं असतील तर नेदरलँड्सची कॅसेट, तिथे कात्री बरीच सैल, त्यामुळे ती हवीच. ग्रीक अक्षरं असतील तर ग्रीसची, त्यांनाही मान. जपानी अक्षरं असतील तर बहुधा लेझरडिस्कवरून, म्हणजे डीव्हीडीच्या आधीच्या मोठ्या तबकडीवरून, उतरवलेली, चित्र सुंदर, रक्त सगळं जागच्या जागी, पण कंबरेखाली कुठे काही दिसलं की तिथे धुकं! जपानच्या दंडसंहितेतलं 175 वं कलम. याच कलमामुळे जपानी दिग्दर्शक नागिसा ओशिमांनी 1976 चा 'इन द रिल्म ऑफ द सेन्सेस' जपानमध्ये शूट केला खरा पण रिळं न धुता फ्रान्सला पाठवली, धुलाई तिकडे, एडिटिंग तिकडे, सिनेमा कागदोपत्री फ्रेंच. आपल्याच देशात परत आला तेव्हा परदेशी पाहुणा म्हणून आला आणि तरी त्याच्यावर धुकं मारलंच. खटला सिनेमावर नाही, पटकथा आणि फोटो छापलेल्या पुस्तकावर झाला आणि 1982 ला त्यात ओशिमा सुटले.

म्हणजे बघा, एकच सिनेमा असेल तर जपान कंबरेखालचं झाकतो, ब्रिटन बलात्काराच्या सीनला हात घालतो, जर्मनी मारामारी कापतो आणि अमेरिकेतला वितरक म्हणतो फार लांब आहे, शेवटचा शो उशिरा सुटेल. चार देशांच्या चार कॉप्या मिळवल्या तर त्यातून एक पूर्ण सिनेमा निघतो. असे जोडून केलेले सिनेमे कलेक्टरांमध्ये फिरायचे, त्याला कॉम्पोझिट म्हणतात, आणि बघताना मध्येच चित्र धूसर होतं, भाषा इंग्लिशवरून इटालियन होते, पंधरा सेकंदांनी परत मूळ पदावर. ती पंधरा सेकंदं म्हणजे कुणाच्या तरी कात्रीचं माप. स्वच्छ डिस्कवर हे कधीच जाणवत नाही.

मीही एक असा कॉम्पोझिट करायला घेतला, एका स्पॅनिश दिग्दर्शकाच्या व्हँपायरपटाचा. नाव घेतेच, हेसूस फ्रांको. दीडशेच्या वर सिनेमे केले त्यांनी, एकेकाची तीन-तीन नावं आणि तितक्याच आवृत्त्या, एकात कपडे, एकात नाहीत, एकात दुसऱ्याच कुणीतरी नंतर शूट करून घुसडलेले सीन. कॅसेटवरून कॉम्प्युटरवर उतरवायचं काम सोपं वाटतं, नाहीये. आधी खिडकीतून रिळाकडे उजेडात नीट बघायचं, कडेला पांढरी भुकटी दिसली तर बुरशी आहे, तशी कॅसेट चांगल्या व्हीसीआरमध्ये अजिबात घालायची नाही, हेड खराब होतो आणि बुरशी पुढच्या कॅसेटला लागते. त्यासाठी एक मरायला टेकलेला व्हीसीआर वेगळा ठेवायचा. सगळी टेप एकदा पुढे-मागे फिरवून घ्यायची. चित्र थरथरू नये म्हणून मध्ये टाइम बेस करेक्टर लावायचा, कंपनीने कॉपी होऊ नये म्हणून घातलेला तो उजेड-अंधाराचा खेळ पण त्याने बऱ्यापैकी शांत होतो. आणि व्हीसीआर जपून वापरायचा, कारण शेवटच्या राहिलेल्या जपानी कंपनीने, फुनाईने, 2016 मध्ये ते बनवणं बंद केलं. आता आहेत त्यातलेच पार्ट काढून दुसऱ्याला लावायचे.

तो कॉम्पोझिट मी अर्धा सोडला. कारण सांगते. जोडता जोडता माझ्या लक्षात आलं की या सिनेमाला मूळ असं काही नाहीच. दिग्दर्शकानेच प्रत्येक बाजारासाठी वेगळा केला. मग मी जे पूर्ण म्हणून जोडतेय तो सिनेमा कधीच कुठल्याच थिएटरात लागला नव्हता, तो मी नव्याने तयार करत होते. काही लोकांना त्याचं काही वाटत नाही, त्यांच्या मते जितकी मिनिटं जास्त तितका सिनेमा खरा. मला नाही पटत. कापणारा दरवेळी सेन्सॉरच असतो असंही नाही. 'ए क्लॉकवर्क ऑरेंज' ब्रिटनमध्ये इतकी वर्षं दिसला नाही तो बंदीने नव्हे, स्वतः दिग्दर्शक कुब्रिकने काढून घेतला म्हणून, 1999 ला तो गेल्यावरच परत लागला. आणि 1932 चा 'फ्रीक्स', साधारण 90 मिनिटांचा होता तो स्टुडिओने 64 वर आणला, ब्रिटनने तीसेक वर्षं दाखवूच दिला नाही, आणि ती कापलेली मिनिटं गेली ती गेलीच. त्याचा कॉम्पोझिट कुणीच करू शकत नाही.

फसवणूकही व्हायची, ती सांगायलाच हवी. इटालियन दिग्दर्शक पासोलिनीच्या 'सालो' ची क्रायटेरियन या अमेरिकन कंपनीने 1998 ला काढलेली डीव्हीडी लगेच बाजारातून गेली आणि मग तिचे भाव असे चढले की नकली डिस्क करणं हा धंदाच झाला. माझ्याकडेही एका विक्रेत्याकडून आली एक, खोका झकास, आतली पुस्तिका झकास, डिस्क उलटी केली तर जांभळी. छापलेली डिस्क खालून चंदेरी असते, घरी बर्न केलेली जांभळट. परत घेतली त्याने, कुरकुर करत. पण खरी गोष्ट पुढे आहे. 2008 ला क्रायटेरियननेच तो सिनेमा नव्याने, जास्त चांगल्या चित्रासह परत काढला. मग आनंद व्हायला हवा ना? ज्यांनी जुनी डिस्क भारी किमतीला घेतली होती त्यांचे चेहरे बघायला हवे होते. 'सर्वांना मिळायला हवा हा सिनेमा' असं वर्षानुवर्षं म्हणणारी माणसं, तो सर्वांना मिळाल्यावर घरात कुणी गेल्यासारखी बसली होती. त्या दिवसापासून मी या छंदातल्या उदात्त भाषणांवर फार विश्वास ठेवत नाही, माझ्यासकट. दुर्मीळ गोष्ट आपल्याकडे असण्याचं सुख हा यातला मोठा हिस्सा आहे, सिनेमा तिसरा-चौथा येतो.

माझी एक हद्द मात्र पहिल्यापासून आहे. 'कॅनिबल होलोकॉस्ट' माझ्याकडे नाही. दिग्दर्शकाला इटलीच्या कोर्टात नट जिवंत आहेत हे दाखवावं लागलं ही गोष्ट सगळे चवीने सांगतात, पण नट जिवंत होते, प्राणी नव्हते, ते कॅमेऱ्यासमोर खरोखर मारले. ब्रिटनच्या सेन्सॉर बोर्डाने 2011 मध्ये हा सिनेमा पास करताना सगळा हिंसाचार राहू दिला आणि एका प्राण्याच्या मृत्यूची फक्त 15 सेकंदं काढली. कलेक्टरांमध्ये त्या 15 सेकंदांसाठी हळहळणारे आहेत. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, आणि अदलाबदलही करत नाही. नटांच्या बाबतीत पण मी आता बघताना विचार करते, त्या मुलीला सेटवर आधी काय सांगितलं होतं आणि प्रत्यक्षात काय करून घेतलं. काही सिनेमे त्या विचाराने माझ्या कपाटातून गेले. नावं सांगत नाही, ज्यांच्याकडे गेले ते खूश आहेत.

आता सगळं बदललंय. जे सिनेमे एकेकाळी पुसट कॅसेटवर हातोहात फिरायचे ते मूळ निगेटिव्हवरून 4के मध्ये निघतायत. व्हिनेगर सिंड्रोम नावाची एक कंपनीच आहे 2012 पासून, नाव पडलंय ते जुनी अॅसिटेट फिल्म सडताना जो आंबट वास येतो त्यावरून. अॅरो आहे, सेव्हरिन आहे, माँडो मॅकाब्रो आहे. काम यांचं उत्तम असतं. पण सोबत ती मर्यादित स्लिपकव्हरं, म्हणजे खोक्यावरची पुठ्ठ्याची वेष्टनं, आणि ती स्लिपकव्हरं मिळवायला मध्यरात्री अलार्म लावून बसणारी माणसं, आणि प्लॅस्टिकही न फाडता कपाटात उभ्या केलेल्या रांगा. सिनेमा न बघताच तो जमवायचा हे मला काही केल्या जमत नाही, कॅसेट निदान लावून तपासावी तरी लागायची.

'पझेशन' चं 4के रिस्टोरेशन 2021 मध्ये अमेरिकेतल्या थिएटरांत लागलं, अख्खं. मी ते नंतर बघितलं तेव्हा बोगद्याच्या भिंतींचा रंगच मला नवीन होता, इतकी वर्षं मी तो करडा समजत होते. सिनेमा आता कळतो, अर्थात जितका कळायचा तितका. आणि तरी ती 81 मिनिटांची कॉपी मी टाकली नाही, उलट तिचीच जास्त शुद्ध, पहिल्या जनरेशनची मिळते का ते शोधलं आणि मिळवली. कारण पूर्ण सिनेमा आता कुणालाही बघता येतो, पण एका वितरकाला त्यातलं काय विकण्यासारखं वाटलं आणि काय नाही, बायकोची बाजू सांगणारे सीन कसे आधी गेले आणि राक्षस कसा पुढे आला, ते त्या कापलेल्या कॉपीतच दिसतं. दोन्ही शेजारी लावून मी परत वही काढली, पहिल्यापासून. 'द डेव्हिल्स' च्या बाबतीतही असंच करायचंय. केन रसेलचा 1971 चा, ज्यातला सगळ्यात गाजलेला सीन गेला असंच सगळे धरून चालले होते आणि तो 2002 मध्ये समीक्षक मार्क करमोडच्या शोधात सापडला. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने 2012 ला डीव्हीडी काढली तीही त्या सीनशिवाय, तेव्हा थिएटरला लागली होती तशी.

सध्या एका गृहस्थांशी बोलणी चालू आहेत, त्यांच्याकडे 'द डेव्हिल्स' चीच एक जुनी अमेरिकन कॅसेट आहे, ब्रिटिश आवृत्तीपेक्षा आणखी कापलेली, म्हणजे मला नेमकी हवी ती. बदल्यात त्यांना माझी ग्रीक सबटायटलवाली फ्रांको हवीये. मी त्यांना डच देऊ केलीये. ते म्हणतात डचवर शेवटची दोन मिनिटं ट्रॅकिंग हलतं, म्हणजे चित्रावर पट्टे येतात, जे खरं आहे, पण त्यांना कसं माहीत हा प्रश्न मला पडलाय, कारण ती कॅसेट मी आजवर कुणालाच दाखवलेली नाही. म्हणजे तिची सख्खी बहीण कुठेतरी त्यांच्याच कपाटात असणार. तसं असेल तर ग्रीक अजिबात सोडायची नाही.